कोंबडी कुणी नेली? माग, आरोप आणि येरवड्याचा नदीकाठ

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात ही कोंबडी कुठून आली? येरवड्याला इतिहासाची काय कमतरता आहे? नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशवाईच्या अखेरच्या लढायांपैकी एक याच उतारावर झाली. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार इथल्याच तुरुंगात झाला. एवढं सगळं सोडून कोंबडी?

त्याचं असं आहे. खजिन्यातून मोहरा गेल्या तर त्याची बखर होते. खुराड्यातून तलंग गेली तर चार घरं ऐकतील एवढी आरडाओरड होते आणि विषय संपतो. पण दोन्ही ठिकाणी विचारायचे प्रश्न दोनच. नेलं कुणी? आणि हे तुम्ही कशावरून म्हणता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सगळे तयार असतात. दुसरा प्रश्न विचारला की लोक इकडेतिकडे बघायला लागतात. (हशा) आपल्या भागात हा दुसरा प्रश्न कोण विचारत होतं, कसा विचारत होतं आणि तो विचारायचं आपण कधी सोडलं, याचा हा इतिहास आहे.

खुराड्याची किंमत

आधी कोंबडीबद्दल बोलू. गाय-बैल घरच्या कर्त्याचे, शेत वडिलांच्या नावावर, पण दारातल्या चार कोंबड्या बहुतेक घरांत बाईच्या. अंडी विकून आलेला पैसा तिच्या हातात. पाहुणा आला तर कोंबडी, नवस फेडायचा तर कोंबडी, पोराचं दुखणं निघालं तर बाजारात कोंबडी. आजही येरवड्यातल्या वस्त्यांमधून सकाळी फिरा. गटारीच्या कडेने, रिक्षाच्या खालून, नळकोंडाळ्यापाशी गावरान कोंबड्या चरताना दिसतील. संध्याकाळी त्यांना डालग्याखाली झाकायचं, सकाळी मोकळं करायचं. खुडूक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते, दहा-बारा पिल्लं काढते, आणि महिनाभरात त्यातली चार उरतात. उरलेली कुठं गेली?

शेजारी म्हणतात, मुंगूस. किंवा पलीकडच्या गल्लीतलं मांजर. किंवा, आवाज खाली करून, पलीकडच्या गल्लीतला माणूस. थोडक्यात, माग बघायच्या आधी नाव ठरलेलं असतं. आपल्याकडे म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. कोंबडीच्या बाबतीत हे रोज होतं.

गावशिवेपर्यंतचा माग

आता दोनशे वर्षं मागे जाऊ. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाबद्दल एक अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराची, म्हणजे जागल्याची, कामं सांगितली आहेत. गावात कोण आलं, कोण गेलं यावर लक्ष ठेवायचं. चोरी झाली तर माल कुणाकडे आहे ते शोधायचं. चोर गावाबाहेर गेला असेल तर त्याच्या मागावर शिवेपर्यंत जायचं आणि तिथे तो माग पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. पुढची जबाबदारी त्या गावाची. पुणे प्रांतात हे काम बऱ्याच ठिकाणी रामोशी करत. काही ठिकाणी महार, मांग, भिल्ल करत.

यातली बारकाई बघा. राखणदाराला नुसतं बोट दाखवून चालत नसे. मागच नसेल तर शेजारच्या गावावर जबाबदारी टाकता येत नव्हती, कारण शिवेवर दुसरा माग ओळखणारा उभा असे. तो म्हणणार, दाखव कुठं आहे पाऊल. म्हणजे हा पुरावा दोन जाणत्यांनी तपासलेला पुरावा होता. व्यवस्था फार न्यायाची होती असं मी म्हणत नाही. जाच होता, लाच होती, माग काढणाऱ्याची जात समाजाने खालची धरलेली होती. पण आधी माग, मग नाव, हा क्रम त्या व्यवस्थेत होता.

जो माणूसपायाचा माग ओळखतो तो जनावराचा ओळखतोच. नखं उमटली की नाही, बोटं चार की पाच, चाल सरळ रेषेत की फाकलेली, ओलावा ताजा की सुकलेला. हे ज्ञान रामोश्यांकडे होतं, धनगरांकडे होतं. फासे लावून तित्तर-लावे धरणाऱ्या पारध्यांकडे तर ते पोटाचं साधन होतं. पण ते कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिणारे वेगळे होते आणि जाणणारे वेगळे होते.

सायक्ससाहेबाची यादी

लिहिणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या या परिसराशी चांगलाच जोडलेला आहे. विल्यम हेन्री सायक्स. कंपनीच्या फौजेतला अधिकारी, १८१७ च्या खडकी आणि पुण्याच्या लढायांत हजर असलेला. पुढे १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याची दख्खनसाठी सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली. लोकसंख्या, पिकं, मोजमापं, हवामान हे त्याचं काम. ते करता करता त्याने इथले प्राणी-पक्षी गोळा केले आणि १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत सादर केली. पुढच्या वर्षी पक्ष्यांची.

त्या यादीत लांडगा आहे, त्याला त्याने शास्त्रीय नाव दिलं कॅनिस पॅलिपेस. आजही भारतीय लांडग्याच्या उपजातीला पॅलिपेसच म्हणतात. रानकुत्रा आहे, कॅनिस दुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा. त्याच्यापुढे मराठी नाव नोंदवलंय कोळसुन, आपण ज्याला कोळसुंदा म्हणतो तो. आणि आपल्या आजच्या विषयातला एक नेहमीचा संशयित आहे, छोटा, झुपकेदार शेपटीचा, काळ्या शेंड्याचा. त्याला सायक्सने नाव दिलं कॅनिस कोक्री. कोक्री हा लॅटिन शब्द नव्हे बरं का. ती आपली खोकड. पुढे कळलं की या प्राण्याला आधीच बंगालवरून नाव मिळालेलं होतं, त्यामुळे कोक्री हे नाव मागे पडलं. पण काही काळ का होईना, एक मराठी शब्द लंडनच्या दप्तरात शास्त्रीय नाव म्हणून बसला होता.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, इथल्या लोकांच्या भाषेत या जनावरांचे वेगळे भेद आधीच होते. कोल्हा वेगळा, खोकड वेगळी, लांडगा वेगळा, कोळसुंदा वेगळा. साहेबाने विचारलं आणि कुणीतरी त्याला सांगितलं. सांगणाऱ्याचं नाव यादीत नाही. दुसरी गोष्ट, आज शहरात आपण खोकड बघितली तरी कोल्हा म्हणतो, उदमांजर बघितलं तरी मांजर म्हणतो, घूस बघितली तरी मोठा उंदीर म्हणतो. शब्द गेले की ओळख जाते. ओळख गेली की आरोप करणं सोपं होतं.

१८७१: एका वर्षातल्या दोन गोष्टी

आता एका वर्षावर थांबू. १८७१. येरवड्याचा तुरुंग याच वर्षी उभा राहिला. आणि याच वर्षी सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. दोन्हींचा थेट संबंध नाही. कायदा सुरुवातीला उत्तरेकडे लागू झाला, मुंबई इलाख्याला तो १९११ च्या नव्या कायद्याने लागला. पण विचार एकच होता. अमुक जातीत जन्मला, म्हणजे चोर. पाऊल उमटलं की नाही, बघायची गरज नाही.

मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींवर १९०८ मध्ये एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचं पुस्तक निघालं. त्यात पारधी आहेत आणि रामोशीही आहेत. म्हणजे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चोराचा माग काढला, तेच आता पोलिसांच्या पुस्तकात चोरांचं एक प्रकरण झाले. मधल्या काळात काय झालं? कंपनी सरकार आल्यावर राखणदारीचे हक्क कमी झाले, गडांची नोकरी गेली, उमाजी नाईकांचं बंड झालं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजींना फाशी दिली. त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोश्यांवर ग्रंथ छापला. मग तीन पिढ्यांत जागल्याचा संशयित झाला.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. विमुक्त जाती हा शब्द तिथून आला, आणि रामोशी त्या यादीत आहेत. कायदा गेला, पण वस्तीत कोंबडी गेली की आजही कुणाच्या पालाकडे आधी बघितलं जातं, ते तुम्हाला माहीत आहे. मी माणसाची तुलना जनावराशी करत नाहीये, हे कृपा करून ध्यानात घ्या. तुलना आरोप करणाऱ्याच्या सवयीची आहे. ती सवय एकदा लागली की समोर माणूस असो की मुंगूस, ती तशीच चालते.

जनावरांच्या बाबतीत त्या काळात काय झालं? सरकारने वाघ, बिबटे, लांडगे मारण्याला इनाम लावलं. मारलेलं जनावर दाखवा, पैसे घेऊन जा. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी आकडे जुळवून दाखवलंय की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. यातल्या प्रत्येकाने शेळी नेली होती का, माणूस मारला होता का? कचेरीत कातडं मोजलं जायचं, गुन्हा तपासला जात नव्हता.

मुंगसाची परदेशवारी

नाव आधी ठरवलं की काय होतं, याचं जगातलं एक मोठं उदाहरण आपल्याच मुंगसाचं आहे. जमैका बेटावर उसाचे मळे होते आणि उंदरांनी ऊस फस्त केला होता. डब्ल्यू. बँक्रॉफ्ट एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. फक्त नऊ. जात आपल्या अंगणातल्या राखी मुंगसापेक्षा थोडी लहान. ती वाढली, उंदीर काही काळ कमी झाले, म्हणून त्यांची पिलावळ इतर बेटांवर गेली, १८८३ मध्ये थेट हवाईला गेली. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. मुंगसं कोंबड्या खातात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खातात, सरडे संपवतात.

गंमत बघा. मुंगूस दिवसपाळीचं जनावर, उंदीर मुख्यतः रात्रपाळीचा. (हशा) दोघांची गाठ पडायची ती पाळी बदलताना. मागवणाऱ्याने हे बघितलंच नव्हतं. त्याने ऐकलं होतं, मुंगूस उंदीर मारतं. तिकडे न बघता तारणहार ठरवला, इकडे आपण न बघता चोर ठरवतो.

आता हीच गोष्ट तुमच्या खुराड्याला लावा. रात्री डालग्याखालची कोंबडी गेली आणि तुम्ही म्हणता मुंगसाने नेली. मुंगूस रात्री बिळात झोपलेलं असतं. ते जवळजवळ सुटलंच.

हे ज्ञान गेलं कुठे?

पुणे हे कोंबडीचं मोठं गाव आहे, पण वेगळ्या अर्थाने. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी हैदराबादला वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे तिचं मुख्य ठाणं पुण्यात आलं. अंड्यांच्या भावासाठी उत्पादकांची समन्वय समिती १९८२ मध्ये स्थापन झाली, तीही राव यांच्याच पुढाकाराने. शेडमधली, पिंजऱ्यातली कोंबडी आली. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं, हे मोठं काम झालं. पण पिंजऱ्यातल्या कोंबडीला घार दिसत नाही आणि कोल्हा भेटत नाही. तिच्या मालकाला माग ओळखायची गरज पडत नाही, त्याला रोग ओळखायची गरज पडते. त्यामुळे दोन पिढ्यांत पुस्तकं पिंजऱ्यातल्या कोंबडीची झाली आणि मोकळ्या कोंबडीची विद्या आजीबरोबर गेली.

माग ओळखण्याचे पाच प्रश्न

म्हणून आता थोडं कामाचं बोलू. मी इतिहासाचा माणूस. पुरावा कसा विचारायचा, एवढंच मी सांगू शकतो. कोंबडी गेली की पाच प्रश्न विचारा.

पहिला, कधी गेली? उजेडात गेली असेल तर संशयित घार, शिक्रा, कावळा, मुंगूस, कुत्रं. अंधारात गेली तर मांजर, रानमांजर, उदमांजर, जवादी मांजर, घूस, साप, कोल्हा, घुबड आणि कुत्रं पुन्हा. कुत्रं दोन्ही पाळ्यांत कामावर असतं. रानमांजर, म्हणजे बाऊल, बहुधा तिन्हीसांजेला आणि पहाटे निघतं, पण दिवसाही दिसतं.

दुसरा, काय गेलं? लहान पिल्लू दिवसा अंगणातून गेलं, आई ओरडली आणि खाली काहीच उरलं नाही, तर वर बघा. घार किंवा शिक्रा. पण भरल्या अंगाची कोंबडी घारीने नेली असं कुणी सांगितलं तर त्याला म्हणा, घारीचं वजन तरी बघ. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप किंवा घोरपड आठवा. नाग अंडं सालीसकट गिळतो. टरफलं कुरतडलेली असतील तर उंदीर-घूस. रात्रीत पिल्लं एकेक करून नाहीशी होताहेत आणि भिंतीच्या कडेला मोठं बीळ, बाहेर मातीचा ढीग दिसतोय, तर घुशीचं घर तिथे आहे.

तिसरा, काय उरलं? कोंबडी मेलेली पण डोक्या-मानेची पिसं ओली आणि चिकट, बाकी धड शाबूत, तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलेली असू शकते. चार-पाच कोंबड्या मारून तशाच टाकलेल्या, पिसं चहूकडे, अंगावर ठिकठिकाणी चावे, तर भटक्या कुत्र्यांचा संशय पहिला. पण सावध राहा. बंद खुराड्यात कोंबड्या फडफडल्या की उदमांजर किंवा मुंगूससुद्धा गरजेपेक्षा जास्त मारतं. नुसत्या संख्येवर निकाल देऊ नका. एकच कोंबडी पूर्ण नेलेली आणि पिसांची ओळ झुडपाकडे गेलेली, तर रानमांजर किंवा कोल्हा. फक्त मुंडकं गेलेलं असेल तर जाळी तपासा. जाळीतून मान बाहेर आली आणि पलीकडच्याने ओढली, असं होतं.

चौथा, पाऊल कुणाचं? संध्याकाळी खुराड्याभोवती चुलीतली चाळलेली राख किंवा बारीक माती पसरा. सकाळी बघा. चार बोटं आणि नखं उमटलेली नाहीत, तर मांजरकूळ, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. चार बोटं आणि पुढे नखांचे टोचे, तर कुत्रं, कोल्हा, खोकड. त्यात कुत्र्याचा ठसा रुंद आणि चाल अस्ताव्यस्त, कोल्ह्याची अरुंद आणि बरीच सरळ. पाच बोटं दिसली तर मुंगूस किंवा उदमांजराचं कूळ. चपलेचा ठसा दिसला तर, मंडळी, तो आपल्यापैकीच कुणीतरी. (हशा) पण तो ठसा शेजाऱ्याचाच, हे राख सांगत नाही.

पाचवा प्रश्न सगळ्यात विसरला जाणारा. कोंबडी मारली गेली, की आधीच मेली होती? मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, गावरान कोंबड्यांचा मोठा काळ आहे. हे नाव १९२०च्या दशकात कुमाऊँमधल्या राणीखेतवरून आलं. कोंबडी रात्री रोगाने मरते, पहाटे मांजर येऊन खाते, सकाळी मांजर खुनी ठरतं. जिवंत कोंबडीला चावलं तर रक्त सांडतं, कातडीखाली काळंनिळं होतं. मेलेलीला चावलं तर तसं होत नाही. हा प्रश्न विचारला नाही तर उरलेल्या कोंबड्यांना लस द्यायची राहते आणि आठवड्यात खुराडं रिकामं होतं. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की मेलेली कोंबडी ही नुसती एका घराची बाब नसते.

नाव चुकलं तर

कुणी म्हणेल, एवढा खल कशाला? कोंबडीच ती. तर चुकीच्या नावाची किंमत सांगतो.

मुंगसाला विष घातलं. मुंगूस मेलं, पण कोंबड्या नेणारी घूस तशीच राहिली, आणि घुशीची पिल्लं खाणारं एक तोंड कमी झालं. विषाचा तुकडा मांजराने खाल्ला, मेलेलं मांजर घारीने खाल्लं. आपल्या येरवड्यात नदीकाठी डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखली जाणारी झाडी आहे. तिथली घार आणि तुमच्या गल्लीतली घार एकच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड, घार यांना संरक्षण आहे. या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी यादी होती, त्यात कावळा आणि उंदीर होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. इनामाच्या काळापासून आपण इतकं अंतर आलो आहोत.

पुराव्याने नाव कसं बदलतं, याचं आपल्या जवळचं उदाहरण अकोल्याचं आहे, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचं. तिथे ऊस आणि वस्तीत बिबटे राहतात. सगळे म्हणत, बिबट्या शेळ्यांवर जगतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा केली, त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा ११ टक्के, आणि शेळ्या कुत्र्यांपेक्षा सातपट होत्या. शेळी गेली की बोंब होते, भटकं कुत्रं गेलं तर कुणी मोजत नाही. म्हणून बिबट्या शेळीचोर ठरला. २०२५ मध्ये आपल्या शेजारी लोहगाव विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला. त्यानंतर इथे एखादी कोंबडी गेली की कुणीतरी बिबट्याचं नाव घेणारच. त्याला आधी राख पसरायला सांगा.

त्या अकोल्याच्या अभ्यासात आणि जुन्या जागल्याच्या कामात मला एक नातं दिसतं. दोघंही जागेवर जातात, खाली वाकतात, जे उरलंय ते गोळा करतात आणि दुसऱ्या जाणत्याला तपासायला देतात. मधल्या दीडशे वर्षांत आपण कचेरीत बसून यादीवरून चोर ठरवायला शिकलो. तेवढं विसरायचं आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: ठशावरून पाळीव मांजर आणि रानमांजर वेगळं सांगता येतं का, सर?*

खात्रीने नाही, ताई. मापं एकमेकांत मिसळतात. त्यासाठी जनावर दिसायला हवं. रानमांजराचे पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाला काळी वलयं, कानाच्या शेंड्यांवर काळे केस. म्हणून ठसा बघून, मांजरकुळातलं काहीतरी, एवढंच म्हणा. शेजारच्या काकूंच्या मांजराचं नाव घेऊ नका. पुरावा जिथपर्यंत नेतो तिथेच थांबायचं.

*प्रश्न: म्हणजे आम्ही नुसतं बघत बसायचं? आईने वाढवलेली सात पिल्लं गेली आमची.*

बरोबर आहे तुमचं. सात पिल्लं म्हणजे तुमच्या आईचे पुढच्या सहा महिन्यांचे पैसे. माग ओळखायचा तो यासाठीच, कारण प्रत्येक चोराला वेगळं कुलूप लागतं. घारीसाठी पहिले काही आठवडे पिल्लांवर जाळी किंवा आडव्यातिडव्या दोऱ्या. घुशीसाठी खुराड्याची जमीन पक्की, किंवा खुराडं पायांवर उचललेलं. मुंगूस आणि सापासाठी अर्ध्या इंचाची जाळी, कारण बाजारातल्या कोंबडीजाळीची भोकं मोठी असतात. मांजरासाठी वरून झाकण आणि त्याला कडी, नुसतं डालगं उलटं ठेवून त्यावर वीट नको. आणि रोगासाठी लस, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. आज घरी गेल्यावर एवढं करा, खुराड्याच्या चारी बाजूंनी राख पसरा. उद्या सकाळी आईला बरोबर घेऊन बघा. त्यांना बहुतेक तुमच्यापेक्षा जास्त कळेल.